आधी नाडी

चि. पोरी,

रात्री दीडचा तुझा मेसेज सकाळी वाचला. पेसमेकरचे (हृदयाला ठोके देणाऱ्या यंत्राचे) आकडे सगळे चोख, तुझे पेशंट काका मात्र म्हणतात डाव्या कुशीवर वळलं की गरगरतं. डॉक्टर म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहे, पाठव घरी", आणि तू पाठवलंस. पुढे तीन परिच्छेद पेसमेकर कंपनीच्या नोकरीवर: पगार दुप्पट, भरूच ते गोध्रा फिरती, जावं की नाही.

नोकरीचं मागाहून. काकांची नाडी धरली होतीस का? मेसेजमध्ये व्होल्ट आहेत, ओहम आहेत, बॅटरी किती वर्षं पुरेल तेही आहे. नाडी कुठेच नाही.

वीसेक वर्षांपूर्वी आपल्या वडोदऱ्यातल्या दांडिया बाजारातल्या एक मावशी माझ्याकडे पेसमेकर तपासायला यायच्या. पूर्ण हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा इशारा खाली पोचतच नाही, सगळी भिस्त यंत्रावर. म्हणाल्या, "भाऊ, हात वर केला की अंधारी येते." मी यंत्र वाचणारा वँड छातीवर ठेवला. थ्रेशोल्ड (ठोका उठवायला लागणारा कमीत कमी व्होल्ट) एकाच्या आत, इम्पिडन्स (तारेचा विद्युत-रोध) ५०० ओहमच्या आसपास, दोन्ही ठीक. मावशी आडव्या, हात पोटावर. म्हटलं, मशीन एकदम मस्त आहे, वयोमानानं होतं असं. बाहेर अठरा जण ताटकळत होते.

आठवड्याभरात दोरीवर कपडे वाळत घालताना त्या पडल्या. खुबा मोडला. लीडची, म्हणजे यंत्रापासून हृदयापर्यंत जाणारी, तार आत पिचली होती. हात वर गेला की तिच्यात खरखर उठायची, यंत्राला तो हृदयाचाच ठोका वाटायचा आणि ते गप्प बसायचं. बिचारं शिकवल्याप्रमाणे वागत होतं. मनगटावर बोटं ठेवून "मावशी, हात वर करा" म्हटलं असतं, तर दहा सेकंदांत कळलं असतं. तेव्हाच्या यंत्रात नोंदी फारशा साठत नसत, हेही खरं. पण ते मी स्वतःला सांगतो, तुला नाही. नवी लीड बसली. मावशी पुन्हा जिना उतरल्या नाहीत.

म्हणून आधी नाडी, मग यंत्र. पडद्यावरची पेसिंगची उभी रेघ यंत्रानं काय पाठवलं ते सांगते. हृदयानं ते घेतलं की नाही, हे तिच्यामागचा क्यूआरएस, म्हणजे ईसीजीतला ठोक्याचा उंच चढउतार, सांगतो आणि मनगट सांगतं. तुला हे पाठ आहे, ठाऊक आहे मला. पाठ मलाही होतं!

उलटंही होतं. अलकापुरीतल्या एका बांना (गुजराती आजींना) रोज संध्याकाळी धडधड. तिघांनी एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची अनियमित गती, शोधून पाहिलं. मी नाडी धरून विचारलं, संध्याकाळी काय करता? "हिंचके बेसुं छुं." म्हणजे झोपाळ्यावर बसते. रेट रिस्पॉन्सचा, म्हणजे हालचालीनुसार ठोके वाढवणारा, सेन्सर झोक्यालाच चालणं समजत होता. सेन्सर मंद केला, हिंचका चालू राहिला.

रिमोट मॉनिटरिंग आलं, यंत्राची माहिती घरूनच येते, आता आपलं काय उरलं, असं लिहितेस. अगं, ८ ऑक्टोबर १९५८ ला स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात पहिला पेसमेकर बसवला, तो काही तासांत बंद पडला. लार्सन मात्र २००१ पर्यंत जगले, वीसहून जास्त यंत्रं बदलत. घरच्या मॉनिटरला मनगट धरता येत नाही.

कंपनीनं एकदा मलाही विचारलं होतं. नाही म्हणालो. फ्लॅटच्या हप्त्यांचा विषय निघाला की घरी अजून ते ऐकावं लागतं. तत्त्वासाठी राहिलो, असं मी सांगत आलोय. खरं तर मावशींनंतर ती तपासणीची खोली सोडणं मला पळून जाण्यासारखं वाटलं. पण राहिलो ते बरंच झालं, यावर मी हटून आहे. तुला जायचं तर जा. नाडी तिथेही धरता येते, फक्त पुढच्या केसची गाडी चुकते. आणि "टेक्निशियन" म्हणतात म्हणून रडत बसू नकोस. म्हणू देत.

डॉक्टरांपुढे "मला वाटतं" म्हणत जाऊ नकोस. पॉज (ठोके थांबल्याचं अंतर) दिसतोय ती ईसीजीची पट्टी काढून समोर ठेव. पट्टीशी कुणी भांडत नाही.

आता फोन उचल. काकांना आजच बोलाव, सोबत कुणाला तरी घेऊन, रिक्षानं, स्कूटर स्वतः चालवायची नाही. ईसीजी चालू ठेव, डाव्या कुशीवर वळव, हात वर-मागे फिरव, पॉकेट, म्हणजे कातडीखालची यंत्राची जागा, हलकेच दाबून बघ. बोटं मनगटावरच. पॉज दिसला तर त्यांना घरी सोडायचं नाही, मग कुणी काही म्हणो. मी चारपर्यंत खोलीतच आहे.

तुझा,
काका