रेंजवर फटके छान बसतात, पण मैदानावर स्कोअर सुधारत नाही. गोल्फचा सराव नेमका कसा करावा?

आठवड्यातून दोनदा ड्रायव्हिंग रेंजवर (फटक्यांच्या सरावाच्या जागी) शंभर-शंभर बॉल मारूनही मैदानावरचा स्कोअर जागचा हलत नाही, असे आपण लिहिले आहे. मीही काही वर्षे याच अनुभवातून गेलो असल्यामुळे खात्रीने सांगतो की आपली मेहनत कमी पडत नाही, सरावाची पद्धत बदलायला हवी.

एकाच जागेवरून सेव्हन आयर्न या मध्यम अंतराच्या क्लबने (गोल्फच्या काठीने) तीस बॉल मारले की दहाव्या-बाराव्या फटक्यापासून हात बसतो आणि फटका जमला असे वाटू लागते. मैदानावर मात्र दर वेळी क्लब वेगळा, अंतर वेगळे, पायाखालचा उतार वेगळा आणि संधी एकच असते. शे आणि मॉर्गन या संशोधकांनी १९७९ मध्ये हाताच्या हालचालींवर केलेल्या प्रयोगात, एकच हालचाल सलग घोटणारे सरावाच्या वेळी पुढे दिसले, पण दहा दिवसांनी पुन्हा पाहिले तेव्हा क्रम बदलत सराव केलेले सरस ठरले. म्हणून पहिल्या पंधरा-वीस बॉलवर अंग मोकळे करून घ्यावे आणि मग आपल्या ओळखीच्या मैदानातील एकेक होल (सुरुवातीच्या जागेपासून खळग्यापर्यंतचा टप्पा) मनात धरून लांब फटक्याचा ड्रायव्हर, मधल्या अंतराचा आयर्न, जवळच्या अंतराचा वेज असे क्रमाने खेळावे. प्रत्येक फटक्यापूर्वी बॉलच्या मागे जाऊन लक्ष्य ठरवावे. अशा रीतीने पन्नास बॉलना तासभर लागतो, आणि तेवढे पुरेसे आहेत.

रेंजवरच्या मॅटविषयी मात्र सावध राहावे. क्लब बॉलच्या दोन इंच मागे टेकला तरी तो मॅटवरून घसरत बॉलपर्यंत पोहोचतो आणि फटका बरा गेल्यासारखा वाटतो. तीच चूक गवतावर झाली की क्लब मातीत रुततो आणि बॉल जेमतेम थोडा पुढे सरकतो. मी आयर्नचा सराव करताना बॉलच्या मागे सुमारे सहा इंचांवर नॅपकिनची घडी ठेवतो. क्लब आधी टेकला की नॅपकिन हलतो आणि चूक लपत नाही. क्लबच्या तोंडावर थोडी टाल्कम पावडर लावल्यास बॉल मधोमध लागला की टोकाकडे, हेही त्यावरच्या ठशावरून कळते.

पटिंगकडे, म्हणजे बॉल घरंगळत खळग्यात घालण्याच्या फटक्यांकडे, आपण दुर्लक्ष करत असाल, असे आपल्या प्रश्नात त्याचा उल्लेखही नसल्यामुळे वाटते. पार ७२ च्या, म्हणजे अठरा होल ७२ फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेल्या मैदानात दर होलला दोन याप्रमाणे ३६ फटके पटिंगसाठीच धरलेले असतात, तेव्हा निम्मा वेळ ग्रीनवर (खळग्याभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) घालवणे मला अजिबात जास्त वाटत नाही. तिथे तीन बॉल न घेता एकच घ्यावा, कारण दुसरा बॉल मारताना पहिल्याने उतार दाखवून दिलेला असतो. लांबून एक फटका मारून उरलेले अंतरही पूर्ण करावे आणि मगच जागा बदलावी.

पुढच्या तीन राउंडमध्ये फटके कुठे वाया गेले याची होलनिहाय नोंद ठेवा आणि ती वही घेऊनच रेंजवर जा.