'सोमा'च्या शेवटी सायमन नाणेफेक हरला, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'सोमा' (व्हिडिओ गेम) खेळून संपवली, माणसांच्या मनांच्या प्रती घेऊन आर्क अवकाशात गेलं, नायक सायमन समुद्राच्या तळाशीच राहिला. सगळे म्हणतात तो नाणेफेक हरला. मग जिंकला असता तर वर गेला असता का? आणि 'मी कोण', 'जाणीव म्हणजे काय' याचा विचार करायचा म्हणून असे गेम पुन्हा खेळायचे, तर कसे खेळावेत?

खाली शेवटासकट सगळं उघड केलं आहे. ज्यांनी हा गेम खेळलेला नाही त्यांनी इथेच थांबावं, कारण पहिल्या खेपेचा अनुभव पुन्हा मिळत नाही.

माझं उत्तर: नाही. नाणं उडालंच नव्हतं.

नाणेफेक व्हायची तर इकडे किंवा तिकडे पडू शकेल असं काहीतरी एक लागतं. म्हणजे सायमनच्या आत एखादा प्रवासी बसलेला आहे आणि स्कॅनच्या क्षणी तो या शरीरातून त्या शरीरात उडी मारतो किंवा मारत नाही, असं धरावं लागतं. गेममधलं यंत्र असं काही करत नाही. ते मेंदूची नोंद घेतं आणि ती नोंद दुसरीकडे चालू करतं. खुर्चीत बसलेला खुर्चीतच राहतो, दर वेळी, शंभर टक्के. दुसरीकडे जागा होणाराही दर वेळी दुसरीकडेच जागा होतो. फक्त दोघांनाही खुर्चीत बसल्याचं आठवतं, म्हणून दोघंही 'मी' म्हणतात, आणि त्यात खोटं कोणीच बोलत नाही.

मग आपल्याला हार-जीत झाल्यासारखं का वाटतं? कॅमेऱ्यामुळे. गेममध्ये तो कोणाबरोबर जातो ते एकदा मांडून बघा. 2015 मध्ये टोरांटोत डोक्याला टोपण लावून स्कॅन होतो आणि डोळे उघडतात ते 2104 मध्ये समुद्रतळाच्या पॅथॉस-टू या केंद्रात: कॅमेरा प्रतीबरोबर गेला. मूळ सायमन मात्र टोरांटोतच राहिला आणि पुढे फार दिवस जगला नाही. ओमिक्रॉनमध्ये (फाय, अप्सिलॉन, टाऊसारखाच त्या केंद्राचा एक भाग) खोल पाण्याचा दाब सोसणाऱ्या सूटमध्ये जाताना कॅमेरा पुन्हा प्रतीबरोबर. फायमध्ये आर्कवर जाताना तो खुर्चीतल्याबरोबर थांबतो. श्रेयनामावली संपल्यावर पुन्हा प्रतीकडे. दोनदा आपण प्रतीबरोबर गेलेलो असल्यामुळे तिसऱ्या वेळी 'जाणं' हा आपला हक्क वाटायला लागतो. ही सवय गेमने आपल्याला मुद्दाम लावलेली आहे. माझ्या मते त्याची सगळ्यात मोठी कारागिरी हीच. राक्षस त्यापुढे दुय्यम आहेत.

नाणेफेकीच्या कल्पनेत तथ्य आहे, पण अगदी थोड्या जागी. समजा स्कॅन झाला, दोन्ही सायमन डोळे मिटून आहेत आणि कोण कुठे आहे हे दोघांनाही अजून कळलेलं नाही. त्या क्षणी प्रत्येकाने 'मी अमुक असण्याची शक्यता निम्मी' म्हटलं तर ते बरोबर आहे. मात्र ही अनिश्चितता माहितीची आहे, नशिबाची नाही, आणि ती प्रत तयार झाल्यानंतरच सुरू होते. खुर्चीत बसण्याआधी 'माझी वर जाण्याची शक्यता निम्मी' म्हणणं चूक. सायमन नेमकी हीच गल्लत करतो, आणि त्याची साथीदार कॅथरीन, जिने आर्क बनवलं, ती वेळेवर मोडत नाही, कारण तिला काम पुढे न्यायचं आहे.

वेताळाच्या एका गोष्टीत दोन धडांवरची डोकी अदलाबदल होऊन बसतात आणि वेताळ विचारतो, यातला नवरा कोणता? विक्रम म्हणतो, ज्या धडावर नवऱ्याचं डोकं तो. तत्त्वज्ञ जॉन लॉकनेही सतराव्या शतकाच्या अखेरीस तसंच मांडलं: राजपुत्राची स्मृती चांभाराच्या देहात गेली तर ती व्यक्ती राजपुत्रच. दोघांनाही उत्तर देता आलं, कारण डोकं एकच होतं आणि स्मृतीचा धागाही एकच. धागाच दुहेरी झाला की हा निकष दोघांनाही 'होय' म्हणतो. पण दोघं एकच कसे असतील? एक तळाशी ओरडतो आहे, दुसरा उन्हात उभा आहे.

इथे तत्त्वज्ञ डेरेक पार्फिटने 1984 मध्ये वेगळी वाट घेतली. त्याचं म्हणणं असं की 'तो मीच का' हा प्रश्नच आपण समजतो तितका महत्त्वाचा नाही. आठवणी, हेतू, स्वभाव यांचं सातत्य पुढे चाललं की जे जपायचं ते जपलं गेलं. ही भूमिका मला बरीच पटते, पण फायच्या खुर्चीतल्या सायमनला तिने धीर येईल असं वाटत नाही. पुढच्या तासाभराची भीती त्याची एकट्याची आहे. आर्कवरचा सायमन ती वाटून घेऊ शकत नाही.

पॅथॉस-टूमधल्या मार्क सारांगला बहुतेक जण वेडा ठरवून मोकळे होतात. ते घाईचं आहे. स्कॅन होताच मूळ माणसाने मरावं, म्हणजे प्रत हीच एकमेव पुढची कडी उरेल, असं तो सांगतो आणि लोक ते करतात. 'फाटा फुटला नाही तरच ओळख टिकते' अशी भूमिका तत्त्वज्ञानात गंभीरपणे मांडली गेली आहे. सारांग तीच टोकाला नेतो. तिची अडचण तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्सने दाखवली होती: मी आणि ती प्रत एकच आहोत की नाही, हे तिसरीकडे काय घडलं यावर कसं ठरेल? खाली एक देह पडल्याने वरच्या प्रतीत तसूभरही फरक होत नाही. फक्त एक जीव जातो.

आता जाणीव. अप्सिलॉनमध्ये कार्ल सेमकेन भेटतो. तो मोडका रोबो आहे, पण आपण माणूस आहोत अशी त्याची खात्री आहे. वीज वळवताना त्याच्या किंकाळ्या ऐकू येतात. बरेच खेळाडू 'यंत्रच तर आहे' म्हणून पुढे जातात. नंतर कळतं की सायमन स्वतः केंद्रातल्या इमोजेन रीडच्या मृतदेहात बसवलेली कॉर्टेक्स चिप (मेंदूची नोंद चालवणारी चिप) आहे, म्हणजे कार्लच्याच जातीचा. कार्लला वेदना नसतील तर सायमनलाही नाहीत, आणि सायमनला असतील तर कार्लचं काय केलंत? वर्तनावरून आतला अनुभव सिद्ध होत नाही. तत्त्वज्ञानात याला 'दुसऱ्याच्या मनाचा प्रश्न' म्हणतात. तरी एकाला सूट आणि दुसऱ्याला नकार देण्याचं कारण आपल्याकडे नव्हतं. एवढंच, की एकाचे डोळे आपण वापरत होतो.

ब्रँडन वॉन या मृत कर्मचाऱ्याचा प्रसंग त्याहून कठोर आहे. त्याच्याकडून सुरक्षा संकेत काढण्यासाठी त्याचा स्कॅन पुन्हा पुन्हा चालू करावा लागतो. भोवतालचं दृश्य खोटं वाटलं की तो घाबरतो, मग बंद, पुन्हा सुरुवात. कोडं म्हणून खेळाल तर दोन मिनिटांत सुटतं. पुन्हा खेळाल तेव्हा प्रत्येक वेळी बंद करण्याआधी थांबून विचारा: आत्ता कोण संपलं?

पुन्हा खेळताना काय करावं ते सांगतो. राक्षसांपासून लपण्यात लक्ष जात असेल तर 2017 मध्ये आलेला सेफ मोड घ्या. त्यात राक्षस दिसतात पण मारत नाहीत. हेडफोन लावा. मृतांच्या ध्वनिनोंदी सोडू नका, कारण सारांगचा युक्तिवाद तुकड्यातुकड्याने मिळतो आणि एखादा तुकडा चुकला की तो निव्वळ माथेफिरू वाटतो. निर्णयाच्या जागी आधी उत्तर कागदावर लिहा, मग बटण दाबा; नंतर लिहिलं तर मन सोयीचं कारण शोधतं. निर्णयांनी शेवट बदलत नाही, म्हणून ते निरर्थक, अशी तक्रार खूपदा वाचायला मिळते. मला ती पटत नाही. बक्षीस असतं तर तुम्ही बक्षिसासाठी निवडलं असतं.

ओमिक्रॉनला विशेष वेळ द्या. बॅटरी, स्ट्रक्चर जेल आणि कॉर्टेक्स चिप जमवण्याच्या धावपळीत आपण काय करतो आहोत हे विसरायला होतं. नव्या सूटमध्ये जाग आली की लगेच हालचाल करू नका, मागून जुन्या सायमनचा आवाज येतो तो पूर्ण ऐका. मग त्याची बॅटरी रिकामी करायची की त्याला तसंच सोडायचं, हे ठरवा. टाऊमध्ये अजून जिवंत असलेली सारा लिंडवॉल 'मला संपवा' म्हणून विनवते. तिथलं उत्तर ओमिक्रॉनच्या उत्तराशी ताडून बघा. ती स्वतः बोलून मागते, जुन्या सायमनला मात्र कोणी विचारत नाही. माझ्यासाठी सगळा फरक तिथे आहे.

दुसऱ्याने खेळलेला व्हिडिओ पाहून हे साधत नाही. तिथे कॅमेरा आधीच परका असतो, त्यामुळे फायमध्ये धक्का बसतो तो फक्त कथेचा.

इतर गेमपैकी 2013 चा 'द स्वॅपर' आवर्जून घ्या. तो तितका भीतिदायक नाही, पण 'सोमा' जे संवादातून सांगते ते हा हातातून करून घेतो. एका वेळी चार प्रती बनतात, त्या तुमची प्रत्येक हालचाल जशीच्या तशी करतात आणि त्यातल्या कोणाचाही ताबा घेता येतो. निळ्या प्रकाशात प्रत बनत नाही, लाल प्रकाशात ताबा बदलत नाही. उंचावरून पडताना वरच्या प्रतीत शिरायचं आणि खालचा देह आपटू द्यायचा, हे थोड्याच वेळात अंगवळणी पडतं. कितव्या देहानंतर खाली बघणं बंद केलंत ते लक्षात ठेवा. 2022 च्या 'सिग्नॅलिस'मध्ये माणसाच्या मनावरून घडवलेली रेप्लिका नायिका आहे आणि शेवट तुमच्या खेळण्याच्या पद्धतीवरून ठरतो, म्हणून पहिल्या खेपेला मार्गदर्शिका उघडू नका. सामान ठेवायला फक्त सहा जागा आहेत, त्याने वैतागू नका.

आणि 'सोमा' दुसऱ्यांदा खेळाल तेव्हा श्रेयनामावली सुरू झाली म्हणून गेम बंद करू नका. अंधारात सायमन कॅथरीनला हाका मारतो आहे आणि उत्तर येत नाही, तिथेच खूप जण उठतात. त्यानंतर आर्कवर जाग येते आणि प्रश्नावली समोर येते. ती भरताना प्रत्येक उत्तर कोणाच्या वतीने देता आहात ते बाजूला लिहून ठेवा.