पहिल्याला दूध पुरलं नाही, मग दुसऱ्याला पुरेल का?

प्रश्न : ताई, मी अमळनेरची. मोठा मुलगा साडेचार वर्षांचा. त्याच्या वेळी मला दूध चौथ्या दिवशी उतरलं, तोवर घरात सगळे घाबरले, पोरगं उपाशी राहतंय म्हणून डब्याचं सुरू केलं, अन् दोन महिन्यांत माझं अंगावरचं बंदच पडलं. आता आठवा महिना चालू आहे. सासूबाई आत्तापासून म्हणताय, हिला दूध येतच नाही, डबा आणून ठेवा. दुसऱ्या वेळीपण तसंच होतं का? बाळंतपण मे महिन्यात आहे, मग उन्हात बाळाला पाणी तर पाजावंच लागेल ना?

उत्तर : अगं, तुला दूध आलं नाही असं तुझ्या पत्रात कुठेच नाहीये, चौथ्या दिवशी आलं असं तूच लिहिलंयस! पहिलटकरणीला तिसरा-चौथा दिवस उजाडतोच, सिझर असेल तर अजून उशीर. तोवर जो चीक येतो तो चमचाभर दिसतो, पण पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतोच तेवढा. आणि डब्याचं पोटात गेलं की बाळ कमी ओढतं, कमी ओढलं की कमी बनतं, तुझं दूध असं आटलं. माझ्या मोठीच्या वेळी अगदी हेच झालं, मी कित्येक रात्री रडले, मला कुणी हे सांगितलंच नाही याचा अजून राग येतो.

दुसऱ्या वेळी दूध बहुतेकींना लवकर उतरतं आणि जास्तपण असतं. इंग्लंडात २२ आयांचं दूध पहिल्या आणि दुसऱ्या बाळाच्या वेळी मोजलं होतं, २००१ साली लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात छापून आलं, दुसऱ्या वेळी पहिल्या आठवड्यात साधारण ३० टक्के जास्त निघालं आणि पहिल्यांदा जिला सगळ्यात कमी होतं तिचंच सगळ्यात जास्त वाढलं. बायका थोड्याच होत्या, पण तुझ्यासारखीने हे ऐकायलाच पाहिजे.

एक गोष्ट मात्र दुसऱ्या वेळी जास्त त्रास देते. बाळ प्यायला लागलं की ओटीपोटात कळा येतात, पहिल्या वेळेपेक्षा जोरात, मी तर घाबरलेच होते. ती पिशवी आवळते, तीनचार दिवसांत कमी होतं. आणि तू अनुभवी असलीस तरी बाळ नवीनच असतं गं, माझा धाकटा पिता पिता झोपून जायचा, त्याला तळपाय चोळून उठवावं लागायचं. तोंड मोठं उघडू दे, नुसतं बोंड नाही तर भोवतीचा काळा भागपण तोंडात जाऊ दे, दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाज.

पुरतंय का हे रडण्यावरून ठरवू नका. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, आणि सुरुवातीला उतरलेलं वजन दोन आठवड्यांत भरून आलं, तर पुरतंय. शू कमी झाली, बाळ सुस्त पडलं, अंग तापलं तर लगेच डॉक्टर, आपल्याकडच्या उन्हात तर अजिबात थांबू नका. थायरॉईड किंवा बाळंतपणात खूप रक्तस्राव, अशामुळे काहींना खरंच कमी येतं, तेव्हा डॉक्टरांनी वरचं सांगितलं तर द्यायचं, त्यात काही वाईट नाही.

पाणी नाही. पारा ४४ च्या वर गेला तरी सहा महिने पाण्याचा थेंब नाही, आईच्या दुधात पाणीच जास्त असतं, उन्हात फक्त जास्त वेळा पाज. पाणी तू पी, तहान लागेल तसं. हाळिवाची खीर, डिंकाचे लाडू आई प्रेमाने करेल ते खा, पण दूध वाढतं ते बाळाने ओढल्यावरच.

या महिन्याच्या तपासणीला सासूबाईंना सोबत ने आणि त्यांच्यासमोर डॉक्टरांना मागच्या वेळचं सगळं सांग, बाळ पहिल्या तासात अंगाशी द्या म्हणून आत्ताच बोलून ठेव. डबा आणून ठेवू नका, घरात असला की रात्री दोन वाजता उघडला जातोच.