वही घेऊन जा

प्रिय मुली,

गणित अध्यापकांच्या अधिवेशनाला जाऊ की नको, यावर तू दोन पानं खर्च केलीस. रजा, नोंदणीचे पैसे, आणि शेवटी "तिथं मोठे लोक शोधनिबंध वाचणार, दुसरीला शिकवणाऱ्या माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे?"

अगं, तिसऱ्या पानावर तूच लिहिलंयस! तुझा तो विद्यार्थी एकोणपन्नासला ५९ लिहितो, एकोणतीसला ३९. अठ्ठेचाळीस मात्र बिनचूक. म्हणजे पोरगा धांदरट नाही. 'एकोण' आलं की नऊ, हे त्याला कळलंय. कानावर पन्नास पडतं, म्हणून पन्नासच्या घरात नऊ मांडतो. त्याच्या चुकीला नियम आहे. ती वही घेऊन जा.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला. भाषा बुडाली म्हणणारे होते, सोपं झालं म्हणणारे होते. त्या सगळ्यात मला मुलांची वही कुठे दिसली नाही. म्हणून म्हणते, वही ने.

माझं सांगते. सहावीतल्या एका मुलीनं १/२ + १/३ = २/५ लिहिलं. मी फुली मारली. ती उठून म्हणाली, "बाई, पहिल्या चाचणीत दोनपैकी एक बरोबर आलं, दुसऱ्या चाचणीत तीनपैकी एक. मग पाचपैकी दोनच ना?" मला उत्तर सुचेना. "छेद समान कर" म्हणून तिला खाली बसवलं. त्याच वर्षी अधिवेशनाला गेले. अपूर्णांकांवरच सत्र होतं, वही पिशवीत होती, आणि मी हात वर केला नाही. प्रमाणपत्र घेऊन परत आले. तिचा अर्धा एका 'पूर्णा'चा होता आणि तिसरा हिस्सा दुसऱ्याच 'पूर्णा'चा, हे मला दोन वर्षांनी उमगलं. तोवर ती शाळा सोडून गेली होती.

मी भित्री होते असं समजू नकोस. बोलणारे सगळे महाविद्यालयातले, मी एकटी शाळेतली, घरी तान्हं मूल, परतीची एसटी गाठायची. ही कारणं खरी आहेत. आजही मी ती खोटी मानत नाही. पण वही पिशवीतच राहिली.

आणि मोठे लोक म्हणजे कोण गं? गणितज्ञ द. रा. कापरेकर देवळालीच्या शाळेत मास्तर होते. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंकांच्या उतरत्या मांडणीतून चढती वजा करायची, आलेल्या उत्तराचंही तेच. ३५२४ घे: ३०८७, ८३५२, ६१७४. कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत ६१७४. हे त्यांनी १९४९ मध्ये मद्रासच्या गणित परिषदेत मांडलं. वजाबाकीच होती ती!

तेव्हा रजेचं रडगाणं पुरे. अर्ज आजच दे, नाकारला तर किरकोळ रजा टाक. पैसे कमी पडले तर मला कळव, संकोच करू नकोस. सत्रात बोलायला जमलं नाही तरी चालेल, पण चहाच्या वेळी पान उघड. सोलापूर, जत भागातल्या कानडी शाळांचे शिक्षक भेटले तर त्यांना आधी गाठ. कानडीत एकोणपन्नासला 'नलवत्तोंबत्तु' म्हणतात, चाळीस आधी, नऊ नंतर. त्यांच्या मुलांकडून ही चूक होते का, विचार. उत्तर मला लिही, मला ते हवंय.

पानाची झेरॉक्स काढून ने, वर मुलाचं नाव झाक. मूळ वही त्याच्याकडेच राहू दे.

तुझ्या
बाई