‘मी नमते घेतले तर धाक राहील का?’

लघु आणि मध्यम उद्योग चालवणारी माणसे समुपदेशकाकडे सहसा आपणहून येत नाहीत. रक्तदाब वाढतो, झोप उडते, घरात रोज खटके उडू लागतात आणि मग डॉक्टर किंवा घरातले कोणीतरी त्यांना पाठवते. पहिल्या भेटीत ते बँकेचे हप्ते, पैसे अडकवून ठेवणारे ग्राहक आणि मिळेनासे झालेले कामगार यांविषयी बोलतात; दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत मात्र बहुतेकांच्या तोंडून एकच चिंता बाहेर पडते. मी चूक मान्य केली, हाताखालच्या माणसाचे ऐकून निर्णय बदलला, तर उद्या हीच माणसे माझ्या डोक्यावर बसणार नाहीत का? तत्त्वचर्चा करून या प्रश्नाचे समाधान होत नाही असा माझा अनुभव आहे. म्हणून एका गृहस्थांची हकीकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, येथे मांडते.

कोल्हापूरच्या आसपास शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींमध्ये मोठ्या संख्येने फौंड्री, म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतणारे कारखाने, आहेत आणि मोटारी, ट्रॅक्टर, पंप यांना लागणारे ओतीव भाग तेथून बाहेर जातात. हे गृहस्थ अशाच एका फौंड्रीचे मालक होते. वय पन्नाशीच्या पुढे, वडिलांच्या काळातल्या लहानशा, कोकवर चालणाऱ्या कपोला भट्टीपासून विजेवर चालणाऱ्या इंडक्शन फर्नेसपर्यंतचा प्रवास त्यांनी स्वतः केलेला, आणि दीडशेच्या आसपास माणसे हाताखाली. त्यांना माझ्याकडे आणले ते त्यांच्या मुलीने. कारखान्याचे हिशेब ती पाहत होती आणि ‘पप्पांसमोर कोणी खरे बोलत नाही, मीसुद्धा नाही,’ एवढेच वाक्य तिने फोनवर सांगितले होते.

निमित्त घडले होते एका परत आलेल्या मालाचे. पावसाळ्यात तयार कोअर (ओतीव भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवायचे वाळूचे गाभे) साठवून ठेवले की हवेतला ओलावा शोषून घेतात, आणि तसेच साच्यात बसवले तर वितळलेल्या धातूचा रस ओतताना वायू सुटून कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतीव भागात, ब्लोहोल (पोकळ छिद्रे) पडतात. ग्राहकाने अख्खी लॉट याच कारणासाठी परत केली होती. चौकशीअंती असे निघाले की कोअर ओले लागत आहेत, ते पुन्हा भट्टीत वाळवून घ्यायला हवेत, हे मोल्डिंगच्या, म्हणजे साचे तयार करण्याच्या विभागाच्या, सुपरवायझरला आधीच कळले होते. तरीही तो गप्प राहिला. ‘एवढे कळत होते तर बोलला का नाहीस?’ या प्रश्नावर तो मान खाली घालून उभा राहिला. मालकांच्या दृष्टीने हा सरळ सरळ हरामखोरपणा होता. त्याच महिन्यात त्यांचा जुना उत्पादन व्यवस्थापकही कोणतेही कारण न देता राजीनामा देऊन गेला होता.

मी त्यांना विचारले, ‘तुमच्या तोंडावर “साहेब, हे असे चालणार नाही” असे शेवटचे कोण म्हणाले, आणि त्यानंतर त्याचे काय झाले?’ त्यांना बराच वेळ आठवेना. मग आठवले ते नेमके हेच दोघे. सुपरवायझरने वर्षभरापूर्वी सकाळच्या मीटिंगमध्ये वाळूच्या मिश्रणाविषयी शंका काढली होती आणि सगळ्यांसमोर त्याला ऐकावे लागले होते, ‘धंदा मी करतो की तू?’ व्यवस्थापकालाही असेच काहीतरी, थोड्या सभ्य भाषेत. त्यांच्या लेखी ते दोन्ही प्रसंग त्याच संध्याकाळी संपले होते. मीटिंगमधल्या उरलेल्या माणसांनी मात्र त्यातून आपापले धडे घेतले होते.

अहंकार हा माज असतो, असे आपण गृहीत धरतो. माझ्यासमोर बसणाऱ्या माणसांत मला तो बहुधा भीतीच्या रूपात दिसतो. या गृहस्थांना मी मीटिंगमध्ये कोणी विरोध केल्यावर मनात नेमके काय येते ते लिहून आणायला सांगितले. त्यांनी लिहून आणले, ‘माझा शब्द कोणी खोडता कामा नये. खोडला म्हणजे माझी किंमत गेली.’ अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली आणि मुंबईचे डॉ. कि. मो. फडके यांनी आपल्याकडे रुजवलेली विवेकनिष्ठ पद्धती नेमकी अशा वाक्यांवर काम करते. आपल्याला मान मिळावा ही इच्छा रास्त आहे. तो मिळालाच पाहिजे असा हट्ट धरला की साधी शंकाही अपमान वाटू लागते. शिवाय एक निर्णय चुकणे आणि माणूस म्हणून आपण कमी ठरणे या दोन गोष्टींची या गृहस्थांनी इतकी पक्की गाठ मारली होती की ओल्या कोअरवरची चर्चा त्यांना स्वतःवरच्या खटल्यासारखी वाटत होती.

त्यांनी हे सहजासहजी मान्य केले नाही, आणि त्यांचा आक्षेप पोकळही नव्हता. ‘मॅडम, तुमच्या खोलीत हे ठीक आहे. फर्नेसपाशी मी मत विचारत बसलो तर एखादा जीव जाईल.’ हे खरेच आहे. वितळलेल्या धातूत ओला भंगार पडला तर स्फोट होतो. तेथे हुकूमच लागतो आणि तो मोडणाऱ्याला लगेच बाजूला काढावे लागते. म्हणून आम्ही कामांची विभागणी केली. सुरक्षिततेचे नियम, पाळ्यांच्या वेळा, ठरलेली प्रक्रिया यांत सूट नाही. पण ऑर्डर घेण्यापूर्वी, प्रक्रिया ठरवताना किंवा नव्या पॅटर्नचा (साचा ज्यावरून घडवतात त्या प्रतिकृतीचा) पहिला नमुना ओतण्याआधी विचारणे भाग आहे, कारण तेथली माहिती मालकाच्या केबिनमध्ये नसून मोल्डिंग लाइनवर असते.

जॉन फ्रेंच आणि बर्ट्रम रेव्हन या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी १९५९ मध्ये माणसाला दुसऱ्यावर मिळणाऱ्या सत्तेचे पाच आधार सांगितले आहेत: बक्षीस, शिक्षा, पद, ज्ञान आणि त्या माणसाविषयी वाटणारी ओढ. मी ते पाच आधार मालकांसमोर मांडले आणि तरुणपणी ते भट्टीवर उभे असताना लोक त्यांचे का ऐकत, ते विचारले. उत्तर त्यांना लगेच सुचले. रसाच्या रंगावरून तापमानाचा अंदाज ते अचूक बांधत आणि उन्हाळ्याच्या दुपारी इतरांबरोबर तेही घाम गाळत. कारखाना वाढला, ते केबिनमध्ये गेले, ज्ञान जुने होत गेले, सहवास तुटला, आणि हाती उरले ते पद आणि शिक्षा. या दोहोंच्या जोरावर माणूस हजेरी लावतो, सांगितलेले काम उरकतो. न विचारलेली अडचण आपणहून सांगायला मात्र येत नाही.

यानंतर त्यांना करायला दिलेले काम दिसायला क्षुल्लक होते. सकाळच्या मीटिंगमध्ये त्यांनी सर्वांत शेवटी बोलायचे. ‘या कामात काय आडवे येईल?’ हा एकच प्रश्न विचारायचा. कोणी आक्षेप घेतला तर त्याला उत्तर न देता त्याच विषयावर आणखी एक प्रश्न विचारायचा आणि त्या वेळी कान तापतात, जबडा आवळला जातो, त्याची वहीत नोंद करायची. सुरुवातीला कोणीच बोलेना. ते विजयी मुद्रेने मला म्हणाले, ‘बघा, यांच्या डोक्यात काही नाहीच.’ ज्या माणसांना वर्षानुवर्षे बोलण्याची शिक्षा मिळाली आहे, ती एका आठवड्यात बोलू लागतील ही अपेक्षाच चुकीची आहे. ती मालकाचा प्रश्न ऐकत नसतात. आधी बोललेल्याचे पुढे काय होते, हे ती पाहत असतात.

त्यांनी सुपरवायझरला केबिनमध्ये बोलावून ‘सॉरी’ म्हणण्याची तयारी दाखवली. मी अडवले. पाणउतारा सगळ्यांसमोर आणि दिलगिरी बंद दाराआड, हा हिशेब आपल्याकडच्या वरिष्ठांना का पटतो हे मला आजवर समजलेले नाही. अखेर मीटिंगमध्येच, फारसा आव न आणता, ते म्हणाले, ‘कोअरच्या बाबतीत तुझा अंदाज बरोबर होता. वाळूच्या वेळी मी तुला तोडून बोललो, म्हणून तू या वेळी गप्प बसलास. आता कोअर वाळवण्याची पद्धत तू लिहून दे.’ यातले शेवटचे वाक्य मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण केवळ माफीने माणसाचे मन हलके होते, पण अधिकार सोपवल्याशिवाय त्याला विश्वास वाटत नाही.

पुढे जे घडले त्याने मालक हादरले. अडचणींच्या नोंदी वाढल्या. आतल्या तपासणीत बाद होणारा माल वाढला, पाळीच्या वहीत तक्रारी लिहिल्या जाऊ लागल्या आणि त्यांनी मला रात्री फोन केला: ‘शिस्त गेली. मी म्हणत नव्हतो?’ अमेरिकेतल्या संशोधक एमी एडमंडसन यांना असाच चकवा बसला होता. रुग्णालयांतील परिचारिकांच्या गटांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास त्या करत होत्या. चांगल्या गटांत चुका कमी सापडतील असा त्यांचा कयास होता, प्रत्यक्षात त्या जास्त सापडल्या. खोलात गेल्यावर त्यांनी याचा अर्थ असा लावला की त्या गटांतली माणसे चुका लपवत नव्हती, म्हणून त्या मोजता येत होत्या. १९९६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि गटातल्या मानसिक सुरक्षिततेची, म्हणजे न घाबरता बोलता येण्याच्या वातावरणाची, त्यांची पुढची मांडणी याच दिशेने गेली. मी मालकांना एवढेच सुचवले की आतला बाद माल आणि ग्राहकाकडून परत येणारा माल हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून काही महिने पाहावेत. हे काम मुलीने केले. आतला आकडा चढला होता आणि बाहेरचा उतरू लागला होता. हिशेबाला पक्का असलेल्या त्या माणसाला माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा तो कागद अधिक पटला.

डोक्यावर कोणी बसले का? एक ठेकेदार बसला. नव्या वातावरणाचा फायदा घेऊन त्याने सुट्टीच्या बाबतीत अरेरावी सुरू केली, तेव्हा त्याला समज देण्यात आली आणि फरक न पडल्याने त्याचे काम बंद करण्यात आले. इतर कोणी त्याची बाजू घेतली नाही. गेलेला व्यवस्थापक परत आला नाही. त्याला परत बोलावण्याचा आग्रह धरू नये असे मीही सांगितले, कारण त्याचा निर्णय पूर्ण झालेला होता आणि आपल्यात झालेला बदल त्याने येऊन पाहावा ही मालकांची इच्छा जुन्याच हट्टाचे धाकटे भावंड होती. आता त्यांच्या वहीत उरलेला मोठा विषय ग्राहक कंपन्यांच्या खरेदी अधिकाऱ्यांचा आहे. आपल्या मुलाच्या वयाच्या माणसाने दर पाडून मागितला की त्यांचे कान अजून तापतात आणि पुढच्या भेटींमध्ये आम्ही त्यावरच काम करणार आहोत.