पंपात ४० मिली येतं, म्हणजे दूध कमी आहे का?

कामावर परतायची तारीख जवळ आली की आयांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं, ‘मला दूध पुरत नाही हो.’ पुरावा म्हणून मोबाइलमध्ये पंपाच्या बाटलीचा फोटो असतो. बाटलीच्या तळाशी दोन-तीन बोटं दूध, आणि त्याच मोबाइलमध्ये दुसऱ्या कुणाच्या तरी फ्रीजरचा फोटो, पाकिटांनी खच्चून भरलेला. हे फोटो काढणाऱ्यांवर माझा राग नाही, पण आयांना स्तनपानाचा सल्ला देण्याचं माझं काम त्यांनी वाढवून ठेवलंय एवढं नक्की.

आज सांगते आहे ती आई याच काळजीने आली होती. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) बाळ अकरा आठवड्यांचं, पहिलंच. तीन आठवड्यांनी तिला रुजू व्हायचं होतं. पाजून झाल्यावर पंप लावला तर दोन्ही बाजूंचं मिळून जेमतेम ४० मिली दूध निघायचं. संध्याकाळी बाळ तासन्‌तास छातीला चिकटून असायचं, सोडवलं की रडायचं. घरात सासूबाई काळजीपोटी म्हणत, ‘पोट भरत नाहीये त्याचं, वरचं दूध सुरू करा.’ आणि ती रात्री दोन वाजता बाळाला पाजून, मग अर्धा तास पंप लावून बसायची, कारण कुठे तरी वाचलं होतं की रात्री दूध जास्त येतं.

मी आधी बाटलीचा फोटो बाजूला ठेवायला सांगितला आणि बाळाचं कार्ड मागितलं. जन्माचं वजन तीन किलो, आताचं पाच किलो शंभर ग्रॅम. ७७ दिवसांत २१०० ग्रॅम, म्हणजे दिवसाला साधारण २७ ग्रॅम. पहिल्या तीन महिन्यांत दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. दिवसभरात सात-आठ डायपर चांगले ओले होत होते. सहा झाले तरी चालतात. पाजताना बाळ गिळतं तो आवाज ऐकू यायचा. या बाळाला दूध कमी पडतंय असं म्हणायला जागाच नव्हती.

मग ४० मिली का? कारण बाळाने नुकतंच पोटभर प्यायल्यावर जे उरलं होतं, ते पंपाने काढलं. पाजून झाल्यावर ४० मिली निघणं हे उलट चांगलंच लक्षण. शिवाय बाळ जितकं दूध ओढतं तितकं पंपाला सगळ्यांकडून ओढता येत नाही. कुणाला पंपाच्या आवाजाने पान्हाच फुटत नाही, कुणाचा छातीला लावायचा फनेल चुकीच्या मापाचा असतो. हिचा तसाच होता, स्तनाग्राच्या मानाने मोठा. नुसता तो बदलला तरी फरक पडतो. पंपाने दूध काढता येतं, पण त्यावरून अंगात दूध किती आहे ते कळत नाही.

संध्याकाळच्या रडण्याचंही तेच. या वयात दिवस कलला की कितीतरी बाळं थोड्या थोड्या वेळाने पीत राहतात, किरकिरतात, पुन्हा पितात. स्तन तेव्हा मऊ लागतात, म्हणून आईला वाटतं ते रिकामे झालेत. ते रिकामे होत नसतात. बाळ पीत असतानाही दूध तयार होतच असतं, आणि जितकं बाहेर जाईल त्या हिशेबाने पुढचं बनतं. त्या वेळी वरच्या दुधाची बाटली दिली तर अंगावरून तेवढं दूध कमी ओढलं जातं, आणि ‘पुरत नाही’ ही भीती काही आठवड्यांत खरी ठरू शकते. वजन वाढत नसेल, डायपर कोरडे राहत असतील, बाळ मलूल असेल किंवा प्यायला उठतच नसेल तर गोष्ट वेगळी; तेव्हा थांबू नका, डॉक्टरांकडे जा. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप आला तर त्याच दिवशी, त्याच तासाला.

एवढं बोलून झाल्यावर मी सहज विचारलं, ‘रात्री पाजता कुठे?’

‘हॉलमधल्या सोफ्यावर. खोलीत दिवा लावला तर यांची झोप मोडते. आणि पलंगावर पाजायला भीती वाटते, मला झोप लागली तर?’ मग हसत हसत म्हणाली, ‘परवा सोफ्यावरच डोळा लागला. जाग आली तर बाळ माझ्या कोपरात आणि सोफ्याच्या हातात अडकलेलं. पंप चालूच होता.’

ती हसली, मला हसू आलं नाही. दुधाच्या प्रश्नावर तिला खरं तर माझी फारशी गरज नव्हती. सोफ्याच्या प्रश्नावर होती. बाळाला घेऊन सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत झोप लागणं हा बाळाच्या झोपेतला सर्वांत धोकादायक प्रकार आहे. बाळ उशीच्या किंवा गादीच्या फटीत घसरतं, मान वाकते, नाक दबतं, आणि या वयात त्याला तोंड वळवून सुटता येत नाही. पलंगाला भिऊन आई सोफ्यावर जाते आणि जास्त मोठ्या धोक्यात सापडते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये सुधारलेल्या सूचनांत बाळाने आईवडिलांच्या अंथरुणात झोपू नये असंच म्हटलं आहे. पण पाजताना झोप लागण्याची शक्यता असेल, तर सोफ्यापेक्षा पलंगावर पाजणं कमी धोक्याचं, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं आहे.

नवरा बाहेर बसला होता, त्याला आत बोलावलं. आम्ही तिघांनी मिळून त्यांची रात्र नव्याने लावली. बाळाची छोटी कॉट हॉलजवळच्या खोलीत होती, ती आईच्या पलंगाला लागून आणायची. निदान पहिले सहा महिने बाळाने आईवडिलांच्या खोलीत, पण स्वतःच्या जागेवर झोपावं. गादी घट्ट आणि सपाट, वर ताणून बसवलेली चादर, बस्स. उशी, दुलई, मऊ खेळणी, कडेने लावायच्या गुबगुबीत पट्ट्या, यातलं काहीच नाही. त्यांच्या कॉटमध्ये यातलं सगळं होतं, आणि बहुतेक भेट म्हणून आलेलं.

पाजायचं पलंगावर, कुशीवर झोपून. त्याआधी बाळाच्या बाजूच्या उशा आणि पांघरूण लांब सरकवायचं, भिंत आणि गादी यांत फट ठेवायची नाही. डोळा लागलाच तर जाग आल्याबरोबर बाळाला त्याच्या कॉटमध्ये ठेवायचं. हे ठेवण्याचं काम नवऱ्याकडे दिलं. ‘पण मला जाग कशी येणार?’ त्याने प्रामाणिकपणे विचारलं. मी म्हटलं, ‘ती कोपर मारेल.’ दोघांपैकी कुणी मद्य घेतलं असेल, झोप आणणारं औषध घेतलं असेल, कुणी धूम्रपान करत असेल, किंवा बाळ कमी दिवसांचं वा कमी वजनाचं जन्मलेलं असेल, तर मात्र अंथरुणात बाळाला घेऊन डोळा लागण्याची जोखीम अजिबात पत्करायची नाही. मग रात्री पाजताना प्रत्येक वेळी घरातलं कुणीतरी जागं राहायला हवं.

सासूबाईंचा एक निरोप होता: उताणं झोपवलं आणि दूध वर आलं तर घुसमटेल, म्हणून बाळाला कुशीवर झोपवावं. ही भीती मला जवळजवळ प्रत्येक घरात भेटते आणि ती मुळीच वेडगळ नाही. पण शरीराची रचना बघा. बाळ उताणं असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वर असते, त्यामुळे वर आलेलं दूध तिकडे चढून जायला अवघड. पालथं झोपवलं की उलट, श्वासनलिका खाली येते. कुशीवरचं बाळ सहज पालथं होतं. १९९४ मध्ये अमेरिकेत बाळांना उताणं झोपवण्याची मोहीम सुरू झाली आणि त्यानंतरच्या वर्षांत झोपेतल्या अचानक मृत्यूंचं प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली आलं. गुदमरण्याचे प्रकार काही वाढले नाहीत. हे मी सासूबाईंना फोनवर सांगितलं. ‘आमच्या वेळी कुणी सांगितलं नव्हतं,’ त्या म्हणाल्या. खरंच आहे ते.

आता दुधाचा साठा. एक ते सहा महिन्यांचं बाळ दिवसरात्र मिळून सरासरी साडेसातशे-आठशे मिली आईचं दूध पितं. बाळागणिक यात बराच फरक पडतो. आई नसताना तासाला ३० ते ४५ मिली हा अंदाज पुरतो. ती नऊ तास बाहेर राहणार, म्हणजे पावणेतीनशे ते चारशे मिली. पहिल्या दिवसापुरतं एवढं हवं, वर थोडं दूध सांडण्या-लवंडण्यासाठी. दुसऱ्या दिवसापासून ऑफिसात काढलेलं दूध उद्याच्या कामी येतं. रोज एकदा ४० मिली काढलं तरी तीन आठवड्यांत आठशेच्या वर जातं. हा हिशेब मी कागदावर मांडला तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झाला. फ्रीजर भरायचा नव्हताच.

म्हणून रात्री दोनचा पंप बंद. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं हे खरं, पण त्याचा फायदा बाळ पितं तेव्हाच मिळून जातो. पंप सकाळच्या पहिल्या पाजण्यानंतर लावायचा, तेव्हा स्तन भरलेले असतात. आणि बाळ संध्याकाळनंतर जी पहिली सलग झोप काढतं, त्या वेळी आईनेही झोपायचं. भांडी, कपडे, मोबाइल नंतर.

साठवणीचे नियम तिने वहीत उतरवून घेतले. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं. खोली त्याहून गरम असेल तर लगेच फ्रीजमध्ये. फ्रीजमध्ये चार दिवस, तेही दारातल्या कप्प्यात नको, आत मागे, जिथे थंडावा कमी-जास्त होत नाही. वेगळं दार असलेल्या फ्रीजरमध्ये सहा महिने उत्तम, बारापर्यंत चालतं. एकाच दाराच्या फ्रीजमधल्या बर्फाच्या कप्प्यावर मात्र इतके महिने विसंबू नका, दार उघडझाप झालं की तिथलं दूध मऊ पडतं. ऑफिसातून येताना बर्फाचे पॅक घातलेली थर्मल पिशवी असेल तर २४ तास काळजी नाही. एका पाकिटात ६० ते १२० मिलीच भरा आणि वर थोडी जागा ठेवा, गोठल्यावर दूध फुगतं. तारीख लिहा. ताजं, कोमट दूध आधीच्या थंड दुधात तसंच ओतू नका. आधी गार करा.

गोठलेलं दूध रात्रभर फ्रीजमध्ये उतरवा किंवा पाकीट कोमट पाण्यात धरा. मायक्रोवेव्ह नकोच, त्यात दूध मध्येच कुठेतरी उकळतं गरम राहतं आणि बाळाचं तोंड भाजतं. पूर्ण वितळलं की फ्रीजमध्ये ठेवून २४ तासांत संपवा, पुन्हा गोठवू नका. बाळाने तोंड लावून उरवलेलं दूध दोन तासांनंतर टाकून द्या. टाकताना जीव तुटतो, माहीत आहे. वर साय जमणं बिघडल्याचं लक्षण नाही, हलकं फिरवलं की मिसळते. साबणासारखा वास येत असेल तर तो दुधातल्या लायपेज या घटकामुळे. दूध चांगलं असतं. बाळ ते नाकारत असेल तर पुढच्या वेळी ताजं दूध कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंत तापवून, झटकन गार करून मग गोठवा. हे सगळे आकडे पूर्ण दिवसांच्या, निरोगी बाळासाठी आहेत. कमी दिवसांचं किंवा आजारी बाळ असेल तर रुग्णालय सांगेल तेच.

बाटलीबद्दल थोडक्यात: रुजू होण्याआधी दोन-तीन आठवडे, आईने नव्हे तर दुसऱ्या कुणी, बाळाला उभं धरून, बाटली आडवी ठेवून, मध्ये मध्ये थांबत पाजायचं. नाहीच घेतली तर वाटी-चमचा आहे.

आणखी एक गोष्ट मी तिला आधीच सांगून ठेवली, कारण ती नंतर कळली की आया खचतात. आई कामावर जायला लागली की कितीतरी बाळं दिवसा बाटलीतून जेमतेम पितात आणि रात्री वसूल करतात. म्हणजे रात्रीचं उठणं वाढणार होतं. झोपण्याच्या जागेचा मी एवढा पिच्छा का पुरवला, ते तिला तिथे लक्षात आलं.

तसंच झालं. रुजू झाल्याच्या पहिल्या आठवड्यात तिचा फोन आला. ऑफिसात दोनदा पंप लावून अडीचशे मिली निघत होतं, बाळ दिवसभरात सव्वादोनशे पीत होतं, आणि रात्री तीन-चारदा उठत होतं. ‘रात्रीचं पाजणं कमी करू का?’ मी म्हटलं, सध्या नको, बाळाची भरपाई तिथेच होते आहे आणि तुमचं दूधही त्यानेच टिकतंय. नवरा कॉटमध्ये ठेवायला उठतो का, हेही विचारलं. उठत होता, बहुतेक वेळा.

पुढचा फोन बाळ पाच महिन्यांचं झाल्यावर. ‘मॅडम, आता रात्री आपणच पालथं पडतं. मी सारखी उठून उताणं करत बसते. करायलाच हवं का?’ मी विचारलं, पालथ्यावरून उताणंही स्वतःहून होतं का? होत होतं. मग झोपवताना उताणंच ठेवा, नंतर ते वळलं तर वळू द्या, उठून सरळ करत बसायची गरज नाही. दुपट्यात गुंडाळणं मात्र बाळ वळायचा प्रयत्न करू लागलं तेव्हाच थांबायला हवं होतं. ते थांबलं होतं का, विचारलं. ‘ते सासूबाईंनीच बंद केलं,’ ती म्हणाली, ‘त्यांनी कुठेतरी वाचलं.’