वीज पडली, कॉम्प्युटर बंद पडला

प्रश्न : वळवाच्या पावसात घराजवळ वीज पडली. तेव्हापासून डेस्कटॉप सुरू होत नाही, राउटरही गेला. स्पाइक गार्ड होता! पूर्ण सेट बदलू का? हार्ड डिस्कमध्ये मुलांचे फोटो आहेत. (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर : राउटरही गेला म्हणजे झटका बहुधा लॅन केबलमधून आला. स्पाइक गार्ड फक्त विजेची लाइन सांभाळतो, तेही अर्थिंग धड असेल तर.

आधी एसएमपीएस (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) बघा. प्लग काढून सगळे कनेक्टर सोडवा. 24 पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी आणि शेजारची काळी वायर पेपरक्लिपने जोडा, मगच प्लग लावा. पंखा फिरला नाही तर बहुधा एसएमपीएस गेला. फिरला तरी मल्टिमीटर लावा: पिवळ्या वायरवर 11.4 ते 12.6 व्होल्ट हवेत. खरं तर, झटका खाल्लेला एसएमपीएस नव्या बोर्डाला जोडूच नये.

डिस्क साडेतीन इंची असेल तर वेगळा 12 व्होल्टचा अडॅप्टर असलेल्या साटा-यूएसबी डॉकवर (डिस्क यूएसबीने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडणारं उपकरण) लावा. डिस्क फिरतच नसेल तर पुष्कळदा तिच्या सर्किटवरचा संरक्षक डायोड शॉर्ट झालेला असतो. फोटो आत शाबूत असू शकतात. त्याच मॉडेलचं दुसरं सर्किट नुसतं बसवून सहसा भागत नाही, जुनी रॉम चिपही (त्या डिस्कची खास माहिती साठवणारी) हलवावी लागते. ते डेटा रिकव्हरीवाल्यावर सोडा.

मदरबोर्ड गेला आणि रॅम डीडीआर3 (जुन्या पिढीची) असेल, तर बोर्ड, प्रोसेसर, रॅम नवेच घ्या. मॉनिटर, कॅबिनेट ठेवा.

नवं काही जोडण्याआधी वायरमनकडून न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजून घ्या. 3 व्होल्टच्या वर नको. आणि गडगडाट सुरू होण्याआधीच लॅन केबलही उपटा.